पोटाचा उद्योग आणि मनाचा छंद

(नभोवाणीवरील भाषण)

महाराष्ट्रांत मलकापूर नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. मी ज्या मलकापुरांत राहतों तें कऱ्हाडच्या शेजारचें. आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें, पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता ज्याच्या अंगावरून जातो तें. एके काळचें हें खेडें आज कऱ्हाडास जवळजवळ चिकटलें आहे. येथील माणूस पहांटेपासून कामाला लागलेला असतो. कोणी रुग्णालयांतील रात्रपाळी संपवून परत येतो, कोणी साखर कारखान्याच्या भोंग्याबरोबर घर सोडतो, कोणी दुकान उघडतो, कोणी मालमोटार घेऊन हमरस्त्याला लागतो. संध्याकाळीं यांपैकीं कोणासहि आपण विचारलें कीं, "काय हो, आपल्याला आवड कशाची?" तर बहुधा एकच उत्तर येतें : "आवड होती, पण आतां वेळ कोठें आहे?"

या उत्तरांतील "होती" हा शब्द मला फार दिवस खटकत आला आहे. आपल्या आवडीविषयीं भूतकाळांत बोलणें म्हणजे जिवंत माणसाचें श्राद्ध घालण्यासारखें आहे. असें श्राद्ध मीहि बरींच वर्षें घालीत होतों, म्हणूनच आज या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोंचतो असें मी समजतों.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची. ज्यांनीं गळिताचा हंगाम जवळून पाहिला आहे त्यांना तिचें वर्णन करून सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत विझत नाहीं. उसानें भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, मालमोटारी यांची रांग रात्रंदिवस काट्यापुढें उभी असते. भरलेली गाडी तोलावयाची, रिकामी गाडी तोलावयाची, दोहोंमधील फरक मांडावयाचा आणि पावती द्यावयाची. त्या कागदाच्या चिठोऱ्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचें मोल ठरतें. त्यामुळें येथें डुलकी चालत नाहीं आणि चूक तर मुळींच चालत नाहीं.

तरुणपणीं मला पेटी वाजविण्याचा नाद होता. गांवच्या भजनाला साथ करावी, उत्सवांतील नाटकाच्या पदांना साथ करावी, पुढेंमागें एखाद्या चांगल्या गवयाच्या शेजारीं पेटी घेऊन बसण्याची संधि मिळावी, एवढेंच माझें स्वप्न. पुढें नोकरी लागली, संसार मांडला, आणि पेटी जुन्या धोतरांत गुंडाळली जाऊन माळ्यावर गेली. सेवानिवृत्त झाल्यावर काढूं, असें मीं मनाशीं ठरविलें. या निश्चयाचें मला मोठें समाधानहि वाटत असे. कारण पेटी मीं टाकून दिलेली नव्हती, नुसती पुढें ढकललेली होती.

अकरा वर्षांनीं मुलीनें हट्ट धरला म्हणून ती पेटी खालीं काढली. भाता उंदरांनीं कुरतडलेला होता. कांहीं सूर मुके झाले होते, तर कांहीं एकदां लागले कीं थांबतच नव्हते. ती उचलून मी मिरजेस गेलों. मिरजेच्या वाद्यांच्या धंद्याची हकीकत या विषयाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक होते. पेशवाई संपली, तलवारीला पूर्वींची मागणी राहिली नाहीं, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत त्यांच्यांतील फरीदसाहेबांनीं सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला. धंदा गेला, पण हातांतील कसब त्यांनीं जाऊं दिलें नाहीं. त्याला दुसरा विषय दिला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच कसबाच्या वंशपरंपरेला. तर तेथील एका वृद्ध कारागिरानें माझी पेटी उघडून पाहिली. तो रागावला नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, वाद्य वाजवून जेवढें झिजत नाहीं तेवढें तें ठेवून झिजतें.

परतीच्या गाडींत हें वाक्य माझ्या डोक्यांतून जाईना. माणसाच्या हौसेचेंहि असेंच नाहीं काय? आपण समजतों कीं, आवड ही पेढींत ठेवलेल्या रकमेप्रमाणें आहे. कांहीं वर्षें हात लावला नाहीं तरी ती आहे तेवढी राहील, कदाचित् व्याजहि चढेल. प्रत्यक्षांत ती शेतासारखी आहे. पड टाकलें तर कुंदा माजतो. साठाव्या वर्षीं वेळ मिळेल हें खरें. परंतु तोंवर बोटें ताठलेलीं असतील, कान मंद झालेले असतील, आणि सर्वांत वाईट म्हणजे ती इच्छाच विझलेली असेल.

येथें कोणी म्हणेल कीं, आपल्या पूर्वजांनाहि भरपूर काम होतें. मग त्यांना हा प्रश्न कसा पडला नाहीं? याचें कारण असें कीं, त्यांच्या कामांतच गाण्याची सोय होती. पहांटे जात्यावर बसलेली बाई दळतां दळतां ओवी म्हणत असे. जात्याची फेरी हाच तिचा ताल. अशा ओव्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर, गी पॉईटवाँ आणि त्यांचे सहकारी यांनीं गोळा केल्या, तेव्हां त्यांची संख्या एक लाखाच्या घरांत गेली. खानदेशांतील बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेताचें आणि घराचें काम करतां करतां त्या रचना करीत. घरच्या मंडळींनीं त्या उतरून घेतल्या म्हणून १९५१ सालीं बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ सालीं त्यांचें पुस्तक महाराष्ट्राला वाचावयास मिळालें. या कवित्वाला वेगळी खोली लागली नाहीं, वेगळा तास लागला नाहीं.

पुढें विजेची चक्की आली. ती आली हें फार चांगलें झालें. पहांटे तीन वाजतां उठून दळणाऱ्या बाईला विचारलें असतें तर तिनें गाण्यापेक्षां झोपच मागितली असती. परंतु जात्याबरोबर ओवीहि गेली, मोटेबरोबर मोटेवरचें गाणें गेलें. कामाचा ताल गेला आणि त्याच्या जागीं घड्याळ आलें. माझ्या वजनकाट्यावर ओवी म्हणतां येत नाहीं, रुग्णालयांतील परिचारिकेला सुई टोंचतांना गुणगुणतां येत नाहीं, मोटार हांकणाऱ्याला डोळे मिटून तान घेतां येत नाहीं. म्हणून पूर्वीं जो आनंद कामाच्या पोटांत आपोआप सांपडत होता तो आतां आपल्याला जाणूनबुजून राखावा लागतो. आपला प्रश्न असा नवा आहे. तो आपल्यांतील कांहीं थोर माणसांनीं कसा सोडविला तें पाहिलें म्हणजे मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट आपल्या सांगली जिल्ह्यांतच पाहावयास मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. दोन वर्षें शिकल्यावर असें आढळून आलें कीं, कांहीं रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाहीं. चित्रकार होऊं इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा घाला कोणता? परंतु त्यांचे रंग गेले तरी रेषा राहिली होती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवूं लागले. पुढें बेळगांवीं सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं देऊं केलेल्या माळावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. संस्थानचा कारभार पाहतां पाहतां त्यांनीं रामायणाचीं चित्रें काढलीं आणि आपल्या औंधांत उत्तम चित्रांचें व शिल्पांचें संग्रहालय उभें केलें.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांचाहि ओढा चित्रकलेकडे. त्यांच्या वांट्यास काम आलें तें नांगर खपविण्याचें. त्यांनीं १९२० सालीं कारखान्याची माहिती देणारें 'किर्लोस्कर खबर' सुरू केलें. त्यांत स्वतः लिहिलें, स्वतः चित्रें व व्यंगचित्रें काढलीं. त्या खबरीचेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें, १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' निघालें. नांगराच्या जाहिरातीसाठीं निघालेल्या पत्रिकेनें मराठी मध्यमवर्गाला वाचावयास आणि विचार करावयास लावलें. या मंडळींनीं आपली कला कामाच्या बाहेर ठेवली नाहीं. कामांतच तिला वाव शोधला. अशी वाट सर्वांना सांपडत नाहीं. मला वजनकाट्यावर ती सांपडलेली नाहीं. परंतु आपलें काम किंचित् अधिक सुबक, अधिक नेटकें करण्यांत कलेचा अंश असतो एवढें त्यांच्यापासून मी शिकलों आहें.

दुसरी वाट कवि यशवंतांची. यशवंत दिनकर पेंढरकर यांचा जन्म १८९९ सालचा, चाफळचा. म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यांतला. शिक्षण सांगलीस झालें आणि मॅट्रिकनंतर पुण्यांत त्यांनीं कारकुनी धरली. कारकुनी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें धुळीनें भरलेलीं दप्तरें येतात. पण हा कारकून माणसांकडेहि पाहात होता. तुरुंगांत अडकलेल्या बालगुन्हेगारांच्या दुःखावर त्यांनीं 'बंदीशाळा' हें खंडकाव्य लिहिलें, तें १९३२ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या समाजाकडे कविता सहसा पाठ फिरविते त्याच्याकडे त्यांनीं तिचें तोंड वळविलें. येथें कला कामांत शिरली नाहीं, तर रोजच्या जगण्यांत दिसलेलें जग कलेंत शिरलें. आपण नोकरीला रडतों, पण नोकरी आपल्याला जीं माणसें दाखविते तीं घरीं बसून कोणाला दिसलीं असतीं?

हेच यशवंत ज्या रविकिरण मंडळाचे सभासद होते त्याची हकीकतहि सांगण्यासारखी आहे. १९२३ सालीं स्थापन झालेलें हें मंडळ रविवारच्या चहाच्या बैठकींतून आकाराला आलें. माधव जूलियन, साताऱ्यांत जन्मलेले गिरीश, नाट्यछटाकार दिवाकर हे सर्व अध्यापनाचा व्यवसाय करणारे. आठवड्याचे सहा दिवस वह्या तपासावयाच्या आणि सातव्या दिवशीं एकमेकांना कविता वाचून दाखवावयाच्या. मित्रांची अशी एखादी ठरलेली बैठक पुष्कळ कामें करून जाते. एकटा माणूस आज कंटाळा आला म्हणून वही मिटतो. पण रविवारीं चार जण वाट पाहात असतील तर शनिवारीं रात्रीं चार ओळी लिहिल्याच जातात.

तिसरी वाट सर्वांत कठीण. तींत कला आणि काम हीं दोन वेगळीं घरें असतात आणि दोहोंचा संसार एकट्यानें करावयाचा असतो. वसंतराव देशपांडे यांनीं पुण्यांत लष्करी हिशेब खात्यांत वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. ईशान्येच्या सरहद्दीकडे बदली झाली तेव्हां तेथेंहि गेले. दिवसा आंकडे आणि उरलेल्या वेळांत गाणें. शेवटीं त्यांनीं नोकरी सोडली, आणि १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें सारा महाराष्ट्र त्यांच्या गळ्यावर लुब्ध झाला. आपण त्या नाटकाच्या रात्री आठवतों. परंतु कचेरीहून आल्यावर ज्यांनीं तो गळा राखला त्या शेंकडों संध्याकाळीं कोणी पाहिल्या नाहींत. माझ्या मतें खरी वंदनीय गोष्ट ती.

याच वाटेवर आमच्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण भेटतात. कामाचा बोजा म्हणून त्यांच्याइतका कोणाच्या शिरावर असेल? १९६० सालीं महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री, १९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें असतां देशाचे संरक्षणमंत्री, पुढें गृह, अर्थ आणि परराष्ट्र हीं खातीं. तरीहि त्यांचें वाचन सुटलें नाहीं. परदेशांतून पत्नी वेणूताई यांना त्यांनीं जीं पत्रें पाठविलीं तीं 'विदेश दर्शन' या नांवानें पुढें प्रसिद्ध झालीं. १९७५ सालीं कऱ्हाडास मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं दुर्गाबाई भागवत होत्या, दिवस आणीबाणीचे होते, आणि स्वागताध्यक्ष होते त्या वेळचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव.

परंतु त्यांच्याच चरित्रांतील एक गोष्ट मला चटका लावून जाते. आत्मचरित्राचे तीन भाग लिहावयाचें त्यांच्या मनांत होतें. पहिला भाग 'कृष्णाकाठ' १९८४ सालीं बाहेर पडला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते गेले. पुढचे दोन भाग राहूनच गेले. ज्यानें एवढा काळ घडविला त्याला आपल्या मनांतील दोन पुस्तकांपुरता काळ उरला नाहीं. प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीपाशीं उभा राहिलों कीं कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे पाहतां पाहतां मला माझ्या माळ्यावरील पेटी आठवते. "पुढें करूं" हे दोन शब्द एवढ्या मोठ्या माणसाच्याहि बाबतींत खरे झाले नाहींत. मग माझ्याविषयीं ते खरे होतील असें मीं कशाच्या जोरावर धरून चाललों होतों?

आतां एक अडचणीची गोष्ट सांगतों; ती न सांगतां हें भाषण पुरें केलें तर तें खोटें ठरेल. पेटी दुरुस्त होऊन आली आणि जेवणें झाल्यावर रोज अर्धा तास मी वाजवूं लागलों. मन प्रसन्न होऊं लागलें. कांहीं दिवसांनीं मुलगी सहज म्हणाली, "बाबा, आईसुद्धां पूर्वीं गायची ना?" मी चमकलों. लग्न झालें तेव्हां माझ्या पत्नीचा गळा फार गोड होता. दर एकादशीला ती अभंग म्हणत असे. तो आवाज केव्हां थांबला हें मला आठवेना. मी बाहेर सुरांत रंगलेला असतांना आंत भांडीं घासल्याचा आवाज येत असे, आणि तो मला बेसूर वाटत असे! माझा अर्धा तास आकाशांतून पडलेला नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या वांट्याचा होता.

रविकिरण मंडळांत श्रीधर रानडे यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी मनोरमाबाई याहि कवयित्री म्हणून होत्या. शंभर वर्षांपूर्वींच्या त्या घरांत जें सुचलें तें माझ्या घरांत सुचावयास मुलीचा प्रश्न लागला. तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. जेवणानंतरचें काम तिघांनीं मिळून उरकावयाचें आणि मग तिघांनींहि बसावयाचें. पत्नीचा आवाज पहिल्या आठवड्यांत चढेना, तिला रडूं आलें. पेटीचा भाता मिरजेस चार दिवसांत दुरुस्त झाला होता. या भात्याला कांहीं महिने लागले. आतां ती अभंग म्हणते आणि मी साथ करितों. मोठ्या गवयाच्या शेजारीं बसण्याचें माझें स्वप्न फळलें नाहीं. परंतु साथ करावयाची हें जें त्या स्वप्नाचें मर्म, तें मात्र माझ्या पदरांत पडलें आहे.

अनुभवानें मला जें थोडें कळलें तें असें. एक, वेळ लहान असावा पण ठरलेला असावा. दोन तास मिळतील त्या दिवशीं बसूं म्हणणारा माणूस कधींच बसत नाहीं. दुसरें, कामाचे हंगाम ओळखावेत. गळिताच्या दिवसांत मी रात्रपाळी करून येतों, तेव्हां नवें कांहीं शिकण्याचा आग्रह धरीत नाहीं. दोन मिनिटें षड्ज धरतों आणि पेटी झांकतों. त्या दिवसांत मोडूं द्यावयाचें नाहीं एवढेंच. वाढवावयाचें तें पावसाळ्यांत. तिसरें, आपल्या कलेला बाजाराच्या काट्यावर घालूं नये. याचा उपयोग काय, यांतून पैसा किती, लोक वाखाणतील काय, हे प्रश्न माझ्या नोकरीच्या काट्यावर ठीक आहेत. दिवसभर सर्व कांहीं तोलून झाल्यावर न तोललेलें असें कांहीं तरी माणसापाशीं उरलें पाहिजे.

आणि याचा कामावर वाईट परिणाम होतो काय? माझा अनुभव उलट आहे. पूर्वीं रांगेंतील गाडीवान घाई करूं लागला कीं मी खेंकसत असें. आतां तो दिवसभर थंडींत उभा आहे हें मला अधिक लवकर दिसतें. ज्याला स्वतःचा असा एक कोपरा आहे तो दुसऱ्याच्या अंगावर कमी धांवून जातो.

श्रोतेहो, सर्वांनींच नोकरी सोडून कलेच्या मागें लागावें असें मी म्हणत नाहीं. घरांत चूल पेटली पाहिजे, मुलांची फी भरली पाहिजे, ऊस वेळेवर तोलला गेला पाहिजे. तीहि कर्तव्यें आहेत आणि त्यांत कमीपणा नाहीं. माझी विनंति लहानशी आहे. आपल्याहि घरीं माळ्यावर जुन्या धोतरांत गुंडाळलेलें कांहीं तरी असेल : एखादी वही, एखादा तबला, रंगांची डबी, भरतकामाची चौकट. आज जेवण झाल्यावर तें एकदां खालीं काढा आणि धूळ झटका. भाता फाटलेला निघेल, कांहीं सूर मुके झाले असतील. घाबरूं नका, तो दुरुस्त होतो. मात्र काढतांना घरांतील दुसऱ्या माणसालाहि एकदां विचारा कीं, "तुमचें कांहीं वर ठेवलेलें आहे काय?"